पोरगा पुण्यात ‘ॲनालिस्ट’ झाला, म्हणजे नेमकं करतो काय?

ओझर (ता. जुन्नर) : अंगारकीला ओझरच्या विघ्नहराच्या दर्शनाला आलेले भाविक किती चहा पितात आणि त्याला दूध किती लागतं? प्रश्न टपरीवरचा वाटेल, पण कन्सल्टिंग कंपनीच्या मुलाखतीत असेच प्रश्न विचारतात. उत्तर कुणालाच पाठ नसतं, हिशेब मांडायचा असतो. समजा २० हजार भाविक आले, निम्म्यांनी एकेक कप घेतला, कपाला ५० मिली दूध धरलं, तर ५०० लिटर दूध झालं. आकडा थोडा चुकला तरी चालतं. पण उपवासाच्या दिवशी चहा जास्त खपेल की कमी, हे ज्याला सुचतं त्याचं पारडं जड. असला हिशेब गावाकडच्या पोरांना नवा नाही. अडतं ते तो इंग्रजीत, न अडखळता सांगताना.

कन्सल्टिंग म्हणजे सरळ सांगायचं तर सल्ला विकण्याचा धंदा. मॅकिन्से ही त्यातली जुनी कंपनी १९२६ मध्ये अमेरिकेतल्या शिकागोत सुरू झाली. डेलॉइट, केपीएमजी, पीडब्ल्यूसी ही नावंही याच धंद्यातली. कंपन्या, बँका, सरकारी खातीसुद्धा यांचं गिऱ्हाईक.

ज्युनिअर ॲनालिस्ट ही त्यातली खालची पायरी. समजा, कुणाला नारायणगाव भागात टोमॅटो सॉसचा कारखाना टाकायचाय. मग कोणत्या महिन्यात आवक किती, भाव कुठून कुठे गेला, हे बाजार समितीच्या आकड्यांतून काढायचं, व्यापाऱ्यांना, शेतकऱ्यांना फोन करायचे, सगळं एक्सेलमध्ये भरायचं आणि त्यातून साहेबांसाठी पॉवरपॉइंटची पानं बनवायची. इथे गावची माहिती कामाला येते. बाजारात टिकाऊ टोमॅटो चालतो, सॉसला गर जास्त लागतो. दोन्ही एकाच रकान्यात धरले की सगळा हिशेब फसला. सल्ला द्यायला मात्र वरचे साहेब जातात, आणि रात्री जागून केलेलं पान सकाळी काढूनही टाकतात.

जागरण ही यातली खरी किंमत. २०२४ मध्ये पुण्यात नोकरी करणाऱ्या २६ वर्षांच्या एका सीए तरुणीचा मृत्यू झाला. तिचं काम ऑडिटचं होतं, पण तिच्या आईच्या पत्रानंतर अशा कंपन्यांतल्या कामाच्या ताणाची देशभर चर्चा झाली. तेव्हा पोरगं फोनवर ‘नंतर बोलतो’ म्हणालं, तर दरवेळी ते टाळतंय असं नसतं.

पगाराचंही समजून घ्यावं. पत्रावरच्या वार्षिक पॅकेजला १२ ने भागलं की हातातला पगार निघत नाही. कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस बहुतेकदा त्यातच धरलेला असतो. शिवाय खराडी-हिंजवडीत ‘ॲनालिस्ट’ या नावाखाली आकडे भरण्यापासून सॉफ्टवेअर तपासण्यापर्यंत काहीही काम असू शकतं, म्हणून पद नव्हे, रोजचं काम विचारावं. आणि नोकरी लावून देतो म्हणत कुणी डिपॉझिट किंवा ट्रेनिंग फी मागितली, तर एक रुपयाही पाठवू नये. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करावा.