अंतर किती, वेळ किती?

नकाशावर पट्टी ठेवून पाहा. पालघर जिल्ह्यातील जव्हारपासून नाशिक सरळ रेषेत सुमारे ६० किलोमीटर आहे. पण मोखाडा, त्र्यंबकेश्वर या मार्गाने जाणारा रस्ता सुमारे ८० किलोमीटरचा आहे. हे २० किलोमीटर कोठून वाढले? वाटेत सह्याद्रीचे डोंगर आहेत. रस्ता त्यांना वळसे घालतो, दरीत उतरतो, घाट चढतो. वळणावर एसटीचा वेगही कमी होतो. म्हणून या प्रवासाला दोन तासांहून अधिक वेळ लागतो.

विमानाला असे वळसे घालावे लागत नाहीत. आफ्रिकेतील नैरोबीहून जोहान्सबर्ग सुमारे २,९०० किलोमीटर दूर आहे. तरी विमान तेथे सुमारे चार तासांत पोहोचते.

मोखाडा तालुक्यातील काही पाड्यांपर्यंत मात्र गाडीचा रस्ताच नाही. तेथील आजारी माणसाला डोलीत घालून, खांद्यावरून रस्त्यापर्यंत आणावे लागते. दोन-तीन किलोमीटर चालण्यातच बराच वेळ जातो. जव्हारचे रुग्णालय नकाशावर जवळ दिसते, पण त्या आजारी माणसाला ते फार दूर असते.

म्हणून कोणी अंतर सांगितले, तर आणखी एक प्रश्न विचारावा : “पोहोचायला वेळ किती लागतो?”