पेशींच्या निरोपाचे मोजमाप

वाशिम जिल्ह्यात खरिपात सोयाबीन विपुल पिकते. त्याच्या तेलाचे शुद्धीकरण करताना डिंकासारखा जो चिकट भाग वेगळा होतो, त्यापासून लेसिथिन मिळते. त्यातील फॉस्फोलिपिडे ज्या कुळातील, त्याच कुळातील द्रव्यांनी मानवी पेशींचे आवरणही बनलेले असते. मात्र यांपैकी काही द्रव्ये आवरणापुरती नसून निरोप्याचे कार्य करितात. लायसोफॉस्फॅटिडिलसेरीन, संक्षेपाने लायसो-पीएस, हे त्यांपैकी एक होय. पुण्याच्या ‘आयसर’ या संस्थेत त्यावर संशोधन झालेले आहे.

निरोप पोहोचल्यावर निरोप्याचे विघटन व्हावे लागते. मेंदूत हे कार्य मुख्यत्वे एबीएचडी-१२ हे एंझाइम करिते. त्याच्या जनुकातील दोषामुळे श्रवण, दृष्टी व चालीचा तोल क्रमाने हिरावणारा ‘फार्क’ हा आनुवंशिक विकार जडतो, हे २०१० साली उघड झाले. हे एंझाइम नसलेल्या उंदरांच्या मेंदूत, लक्षणे प्रकट होण्यापूर्वीच, लायसो-पीएस साचते, असे २०१३ साली दिसून आले. इतके अल्प द्रव्य मोजावे कसे?

प्रथम ऊतक वाटून क्लोरोफॉर्म व मेथॅनॉल यांच्या मिश्रणाने लिपिडे वेगळी काढतात. त्याच वेळी सतरा कार्बनांच्या शृंखलेचे, ऊतकात सहसा न आढळणारे लायसो-पीएस ज्ञात प्रमाणात मिसळतात. पुढे नमुन्याचा जितका अंश वाया जाईल, जवळजवळ तितकाच या प्रमाणद्रव्याचाही जातो. म्हणून अखेरीस दोहोंचे गुणोत्तर पाहणे पुरे होते. प्रमाणद्रव्य १०० पिकोमोल घातले आणि नमुन्याचा संकेत त्याच्या दुप्पट आला, तर मूळ द्रव्य सुमारे २०० पिकोमोल समजावे.

मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये अठरा कार्बनांच्या संपृक्त शृंखलेच्या लायसो-पीएसचा ऋणभारित आयन ५२४.३ या द्रव्यमानाचा असतो. यंत्राचा पहिला भाग तेवढेच आयन निवडून पुढे सोडतो. ते वायूच्या रेणूंवर आदळले की सेरीनचा ८७ एककांचा अंश निखळतो, आणि उरलेला ४३७.३ चा तुकडा मोजला जातो.

येथेच सावधगिरी हवी. ४३७.३ हे लायसोफॉस्फॅटिडिक आम्लाच्या आयनाचेही द्रव्यमान आहे. लायसो-पीएस यंत्राच्या मुखाशीच फुटले, तर नसलेल्या आम्लाचा भास होतो. म्हणून द्रव-क्रोमॅटोग्राफीने ही द्रव्ये आधी वेगळी करणे अवश्य असते. दोहोंचे निरोप भिन्न आहेत. एकाच्या जागी दुसरे मोजले गेले, तर विकाराच्या कारणाचा शोध भलत्याच दिशेस जाईल.