खाण थांबते, पाऊस थांबत नाही

धरण म्हटले की घोडेगावच्या माणसाला घोड नदीवरचे डिंभे आठवते आणि मातीचा बांध म्हटला की शिवारातला पाझर तलाव. खाणींच्या मुलखात मात्र आणखी एका प्रकारचे मातीचे धरण असते. ते खाणीचा गाळ अडवण्यासाठी बांधतात.

खनिज दळून, धुऊन घेतले की मागे पिठासारखा बारीक गाळ आणि पाणी उरते. तो बांधामागे सोडतात. पाझर तलावाचा बांध एकदाच बांधून होतो. हा बांध गाळ साचेल तसा वर्षानुवर्षे उंच करतात. खर्च वाचावा म्हणून काही ठिकाणी नवा थर आधी साचलेल्या गाळावरच चढवतात. म्हणजे भिंतीचा पायाच गाळाचा!

गाळाचे कण एकमेकांना टेकून भार पेलतात. त्यांच्यामधल्या पाण्याचा दाब वाढला की ही पकड सुटते आणि घट्ट दिसणारा भराव पातळ होऊन धावू लागतो. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातले माळीण डोंगराखाली गाडले गेले. दीडशेच्या आसपास माणसे गेली. तिथे खाण नव्हती, पण मुरलेल्या पावसाने मातीचा धर कसा सुटतो, हे या तालुक्याने पाहिले आहे.

ब्राझीलमध्ये ब्रुमाजिन्यो येथे लोहखनिजाच्या गाळाचे ८६ मीटर उंचीचे धरण २५ जानेवारी २०१९ रोजी फुटले. कामगारांचे उपाहारगृह धरणाच्या खालच्याच बाजूला होते. २७० माणसे दगावली. विशेष म्हणजे त्या धरणात गाळ सोडणे काही वर्षांपूर्वीच थांबले होते. आतले पाणी मात्र पुरते निचरले नव्हते आणि पाऊस मुरतच होता.

आपल्या शेजारी गोव्यात २०१२ मध्ये लोहखनिजाच्या खाणी थांबल्या, पुढे काही पुन्हा सुरू झाल्या. खाणीचे काम थांबते, पण तिच्या मातीचे ढीग आणि गाळाचे तलाव जागेवरच राहतात. पावसाळा दरवर्षी येतो.

म्हणून राखण पाण्याची करायची. भरावातल्या पाण्याची पातळी नळ्या बसवून मोजायची, सांडवा मोकळा ठेवायचा, पायथ्याशी नवी ओल दिसते का ते पाहायचे. पाझर नितळ असला तरी तो किती वाढतो यावर नजर हवी. गढूळ झाला तर बांधाची माती वाहून जात असण्याची शक्यता असते. तेव्हा खालची वस्ती आधी हलवायची, चौकशी नंतर.