मल्लखांब : आधी उतरणं शिका

फलटणमध्ये मुलाला मल्लखांबाला घालायचं ठरवलंत, तर पहिल्या दिवशी खांबाखाली बघा. जाड गादी आहे का? दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी रुजवलेल्या या व्यायामात बऱ्याच दुखापती उतरताना होतात. म्हणून चांगला वस्ताद आधी उडी शिकवतो: चवडे प्रथम टेकायचे, गुडघे वाकलेले, पाठ सरळ. अढी, म्हणजे पायांनी खांबाला घातलेली पकड, पक्की झाल्याशिवाय दसरंगासारखे पुढचे प्रकार नाहीत. मनगटं, खांदे मोकळे केल्याशिवाय खांबाला हात नाही. खांबाला एरंडेल माफकच लावायचं, जास्त झालं की पकड निसटते. नवशिक्याजवळ वस्तादाने उभं राहायलाच हवं. मोबाइलवर व्हिडिओ काढत नव्हे!  मान किंवा पाठ दुखली, तर सराव थांबवून डॉक्टरांना दाखवा.