ई-स्कूटरचा कंट्रोलर तापतोय? नवा घालण्याआधी चाक फिरवून बघा

बेळगाव : दुधाचे कॅन, भाजीची पोती, शिकवणीला जाणारी पोरं... सीमाभागात आता ई-स्कूटरवर सगळंच लादलं जातं. तक्रारही ठरलेली. चढावर गाडी ओढत नाही, मध्येच बंद पडते, आणि कंट्रोलरच्या डब्याला हात लावला तर चटका बसतो. गॅरेजात बहुधा एकच उत्तर मिळतं, 'कंट्रोलर गेला, नवा घाला.' हजारो रुपये मोजून नवा बसतो आणि थोड्याच दिवसांत तोही तापायला लागतो. कारण रोग बऱ्याचदा दुसरीकडे असतो, ताप फक्त कंट्रोलरला येतो.

या गाड्यांची मोटर ब्रशविना चालते. बॅटरीचा करंट तीन जाड वायरींतून आळीपाळीने मोटरला द्यायचं काम कंट्रोलर करतो. त्यातले मॉस्फेट नावाचे स्विच सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असतात. करंट दुप्पट झाला की त्यांच्यातली उष्णता जवळपास चौपट होते. म्हणून सगळ्यात वाईट वेळ भरधाव गाडीची नव्हे. वेग कमी आणि भार जास्त, ही ती वेळ. डबलसीट, पुढे पोतं आणि चोर्ला घाटासारखा चढ असेल तर मोटरच्या वायरींतला करंट बॅटरीच्या करंटाच्या कितीतरी पट होतो.

तपासणीला फार काही लागत नाही. गाडी मधल्या स्टँडवर घ्या, चावी बंद करा, एमसीबी पाडा आणि मोटरचं चाक हाताने फिरवा. सहज फिरलं तर ठीक. घासत फिरलं तर ब्रेक आवळलेला आहे किंवा बेअरिंग गेलंय. अडकत-अडकत, जड फिरलं तर कंट्रोलरकडून मोटरकडे जाणाऱ्या तिन्ही जाड वायरी (बहुतेक गाड्यांत पिवळी, हिरवी, निळी) सोडवा आणि एकमेकींना लागू न देता पुन्हा फिरवा. आता चाक मोकळं झालं, तर कंट्रोलरमधला मॉस्फेट शॉर्ट आहे, गॅरेजवाल्याचं बरोबर. तरीही जडच राहिलं तर दोष मोटरमध्ये किंवा तिच्या वायरीत. तिथे नवा कंट्रोलर घालणं म्हणजे त्यालाही जाळणं.

वायरींचे जोड नीट बघा. प्लास्टिक वितळलेलं, तांबं काळवंडलेलं दिसलं तर जोड ढिला आहे. चाकातली हवा कमी असली तरी मोटरला जास्त ओढावं लागतं. शिवाय कंट्रोलरचा ॲल्युमिनियमचा डबा वाऱ्यासाठी असतो. त्यावर वाळलेला चिखल, वर फडकी आणि रेनकोट कोंबले, तर उष्णता जाणार कुठे?

'पिकअप वाढवून देतो' म्हणून काही ठिकाणी कंट्रोलरमधल्या शंटवर जादा डाग मारतात. त्यामुळे कंट्रोलरला खरा करंट कमी भासतो, तो मर्यादा सोडून करंट देत राहतो आणि एक दिवस धूर निघतो. हा उद्योग करू देऊ नये.

वॉरंटीतली गाडी असेल तर डबा उघडूच नका. नवा घ्यावाच लागला तर व्होल्ट (४८, ६० की ७२) आणि अँपिअर जुन्याशी जुळवा. नुसता वायरींचा रंग जुळवून भागत नाही. क्रम चुकला तरी मोटर कधीकधी फिरते, पण गुरगुरते आणि भरमसाट करंट खाते. नवा कंट्रोलर पहिल्याच दिवशी तापला, तर आधी हा क्रम तपासून घ्या.