काच बदलली, पण गाडीची नजर जुळवली का?



आमच्या गोवंडी-देवनार परिसरात कितीतरी घरांची चूल स्टिअरिंगच्या जोरावर पेटते. कोणी टॅक्सी चालवतो, कोणी शेठची गाडी चालवतो, कोणी गॅरेजमध्ये डेंटिंग-पेंटिंगचे काम करतो. कोणाचा मुलगा आय.टी.आय.मध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकतो आहे. म्हणून या वेळी स्मरणिकेसाठी आम्ही थोडा तांत्रिक, पण पोटापाण्याशी जोडलेला विषय घेतला आहे.

त्याला निमित्त घडले ते आमच्या ओळखीच्या एका चालकाचे. सायन-पनवेल महामार्गावर पुढच्या ट्रकच्या चाकाखालून खडा उडाला आणि त्यांच्या गाडीची समोरची काच तडकली. मालकाने स्वस्तात काच बदलून घेतली. काच उत्तम बसली, पाणी गळेना, सगळे खूश. पण त्यानंतर मोठ्या रस्त्यावर गाडीचे स्टिअरिंग मधूनच डावीकडे ओढ घेऊ लागले. मालक म्हणाले, "तुमचा हात बिघडला आहे." पंधरा दिवस त्या माणसाला घरी बसावे लागले. पुढे वर्कशॉपमध्ये गाडीला संगणक लावला, तेव्हा उलगडा झाला. काच बदलल्यावर तिच्यामागचा कॅमेरा पुन्हा जुळवलाच नव्हता. दोष हाताचा नव्हता, गाडीच्या नजरेचा होता.

ही 'नजर' म्हणजे काय?

चालकाला मदत करणाऱ्या यंत्रणांना इंग्रजी आद्याक्षरांवरून 'एडास' म्हणतात. पुढचे वाहन फार जवळ आले तर इशारा देणे, वेळ पडल्यास आपोआप ब्रेक लावणे, गाडी पट्ट्याबाहेर जाऊ लागली तर स्टिअरिंग हलकेच वळवणे, ही तिची कामे. आपल्या देशात 2020 साली एम.जी. ग्लॉस्टर आणि 2021 साली चाकणच्या कारखान्यात तयार होणारी महिंद्रा एक्सयूव्ही 700 या गाड्यांतून ही सोय आली. 2022 मध्ये होंडा सिटीच्या हायब्रीड गाडीत व 2023 मध्ये टाटा हॅरियर आणि सफारीत ती आली. आता अशा गाड्या जुन्या बाजारातही येऊ लागल्या आहेत. आज ना उद्या त्या आपल्या गल्लीतल्या गॅरेजसमोर उभ्या राहणारच.

या यंत्रणेचे मुख्य डोळे दोन. पहिला कॅमेरा. तो आतल्या आरशामागे, समोरच्या काचेला वरच्या बाजूस बसवलेला असतो आणि रस्त्यावरचे पांढरे पट्टे, वाहने, माणसे ओळखतो. दुसरा रडार. तो बहुधा पुढच्या ग्रीलमागे किंवा बंपरच्या आत असतो. त्यातून साधारण 77 गिगाहर्ट्‌झच्या रेडिओ लहरी निघतात, पुढच्या वाहनावर आपटून परत येतात आणि त्यावरून अंतर व वेग कळतो.

एका अंशाचा हिशेब

चष्म्याचा नंबर बरोबर असला तरी फ्रेम वाकडी बसली, तर पायरी चुकते. इथेही तसेच आहे. समोरची काच ही दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा दाबून केलेली असते. कॅमेरा तिच्यातून पाहतो, म्हणजे काच हाही त्याच्या भिंगाचाच एक भाग झाला. नव्या काचेचा बाक, जाडी किंवा कॅमेऱ्याचा ब्रॅकेट यांत किंचित फरक पडला, तरी नजरेची दिशा बदलते.

विद्यार्थ्यांनी हा हिशेब स्वतः करून पाहावा. दिशा फक्त एक अंश चुकली, तर 10 मीटरवर सुमारे 17 सेंटिमीटरची चूक होते, 50 मीटरवर 87 सेंटिमीटरची आणि 100 मीटरवर पावणेदोन मीटरची. महामार्गाची एक लेन साधारण साडेतीन मीटर रुंद असते. म्हणजे शंभर मीटरवरची चूक अर्ध्या लेनची! शेजारच्या लेनमधला ट्रक गाडीला आपल्याच समोर वाटू शकतो, आणि खरोखर समोर असलेली मोटारसायकल बाजूला वाटू शकते. ताशी 80 किलोमीटर वेगाने धावणारी गाडी एका सेकंदात 22 मीटर जाते. तेथे विचार करायला वेळ उरत नाही. काही वेळा यंत्रणेला चूक कळते व ती दिवा लावून बंद होते. पण दिवा लागला नाही म्हणजे सारे ठीक आहे, असे समजू नये.

जुळणी कशी करतात?

या जुळणीला गॅरेजच्या भाषेत 'कॅलिब्रेशन' म्हणतात. गवंडी भिंत बांधताना डोळ्यावर विसंबत नाही, ओळंबा सोडतो. त्यातलाच हा प्रकार.

पहिली रीत उभ्या गाडीची. प्रथम काचेचा गोंद पूर्ण धरू द्यावा लागतो. टायरची हवा कंपनीच्या मापाप्रमाणे भरायची, डिकीतले सामान काढायचे, व्हील अलाइनमेंट तपासायचे. चाकेच तिरकी असतील, तर गाडीची खरी मधली रेषा सापडणार कशी? मग सपाट फरशीवर, पुरेशा व सारख्या उजेडात गाडी उभी करायची. मधली रेषा काढून ठरलेल्या अंतरावर व उंचीवर काळ्या-पांढऱ्या नक्षीचा फलक उभा करायचा. गाडीच्या सॉकेटला संगणक जोडला की कॅमेरा तो फलक पाहून आपली दिशा नव्याने नोंदवतो. रडारसाठी फलकाऐवजी धातूचा परावर्तक ठेवतात.

दुसरी रीत चालत्या गाडीची. संगणक जोडून, पट्टे स्पष्ट असलेल्या रस्त्यावर ठरावीक वेगाने गाडी न्यायची. घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्याच्या गर्दीत किंवा भर पावसात हे साधणे कठीण, त्यासाठी मोकळा रस्ता हवा. कोणत्या गाडीला कोणती रीत, की दोन्ही, हे कंपनीचे पुस्तक सांगते. अंदाजाने करण्याचे हे काम नाही.

केव्हा करावी?

समोरची काच बदलल्यावर, कॅमेरा किंवा रडार काढून पुन्हा बसवल्यावर, पुढून ठोकर लागून बंपर, ग्रील किंवा चेसिसचे काम झाल्यावर, आणि बऱ्याच गाड्यांत व्हील अलाइनमेंट वा सस्पेन्शन बदलल्यावरही. पेंटिंग करणाऱ्या बंधूंनी विशेष लक्ष द्यावे. रडारसमोरच्या बंपरवर लांबीचा जाड थर दिला किंवा स्टिकर चिकटवला, तर लहरी अडतात. पुढे लोखंडी गार्ड लावणे तर दुहेरी चूक. ते रडारच्या आड येऊ शकते, शिवाय डिसेंबर 2017 मध्ये केंद्रीय परिवहन मंत्रालयाने असे गार्ड मोटार वाहन कायद्याविरुद्ध असल्याचे राज्यांना कळवले आहे.

पैशाचा प्रश्न

फक्त थर्ड पार्टी विमा असेल, तर स्वतःच्या गाडीच्या काचेचे पैसे मिळत नाहीत. संपूर्ण विम्यात काचेवर घसारा कापला जात नाही, मात्र ठरलेली सक्तीची वजावट होते. कॅलिब्रेशनचा खर्च त्यात धरला आहे की नाही, हे काम सुरू होण्याआधीच विचारावे आणि अंदाजपत्रकात त्याची वेगळी ओळ लिहून घ्यावी. काम झाल्यावर संगणकाचा छापील अहवाल मागावा. चालक बंधूंनी त्याची एक प्रत स्वतःजवळ ठेवावी. उद्या दोष कोणाचा, हा प्रश्न आला तर तो कागद बोलेल. आमच्या त्या परिचिताजवळ असा कागद असता, तर पंधरा दिवसांची मजुरी बुडाली नसती.

गॅरेजवाल्या बंधूंना आमचे सांगणे असे की, साधने नसतील तर गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावे, "काच आम्ही बसवतो, कॅलिब्रेशन मात्र साधने असलेल्या वर्कशॉपमध्ये करून घ्या," आणि बिलावर तसे लिहावे. यात कमीपणा नाही. लपवण्यात मात्र कोणाच्या तरी जिवाचा धोका आहे.

विद्यार्थी मित्रांनो, पाना-पेचकसाच्या जोडीला कोन, अंतर आणि संगणक यांची भाषा शिका. शाळेत रुक्ष वाटणारी त्रिकोणमिती इथे माणसे वाचवते आणि रोजगारही देते. शेवटी एवढे ध्यानात ठेवावे की ही यंत्रणा मदतनीस आहे, चालक नव्हे. हात स्टिअरिंगवर आणि डोळे रस्त्यावर, हा जुना नियम कायम आहे. गाडीची नजर जुळवून घ्या, आणि आपली नजर हटू देऊ नका.