ताजमध्ये ६ रुपयांत रात्र? त्या व्हायरल जाहिरातीमागचं गणित, आणि मरोळहून ताजपर्यंतचा रस्ता

मरोळ नाक्यावर उभं राहिलं की फाइव्ह स्टार हॉटेलांचं काही अप्रूप वाटत नाही. सहारच्या बाजूला लीला आहे, आयटीसी मराठा आहे, जेडब्ल्यू मॅरियट आहे. रोज बसमधून, रिक्षातून त्यांच्या पाट्या दिसतात. पण गावाहून पाहुणे आले की त्यांना आपण यातलं एकही दाखवायला नेत नाही. नेतो ते थेट गेटवेला. समुद्राकडे पाठ करून ताजसमोर फोटो काढतो आणि परत येतो.

आत मात्र जात नाही. कारण विचारलं तर ठरलेलं उत्तर येतं, “आपल्यासारख्यांना कुठे परवडणार?” आणि मनातलं दुसरं उत्तर असतं, “आत सोडतील का?”

त्यातच दर काही महिन्यांनी सोशल मीडियावर एक जुनी जाहिरात फिरते. ताजच्या सुरुवातीच्या काळातली म्हणून सांगितली जाणारी, एका रात्रीचं भाडं ६ रुपयांपासून असं सांगणारी. खाली कमेंट ठरलेल्या. “काय ते दिवस होते!” “तेव्हा आपणही राहिलो असतो!”

राहिलो असतो का खरंच? चला, जरा हिशोब करून बघू.

६ रुपये म्हणजे किती?

ताज सुरू झालं १६ डिसेंबर १९०३ रोजी. तेव्हा मुंबईच्या गिरणीत राबणाऱ्या साध्या कामगाराचा महिन्याचा पगार दहा-पंधरा रुपयांच्या आसपास होता. म्हणजे सगळ्यात स्वस्त खोलीत दोन रात्री काढल्या की महिन्याचा पगार संपला. घरभाडं नाही, किराणा नाही, गावाला मनीऑर्डर नाही.

दुसरा हिशोब सोन्याचा. त्या काळी ब्रिटिश सॉव्हरिन नाण्याचा सरकारी दर १५ रुपये होता आणि त्या नाण्यात सव्वासात ग्रॅमच्या थोडं वर शुद्ध सोनं असायचं. त्या भावाने ६ रुपयांत जवळपास ३ ग्रॅम सोनं येत होतं. आता मोबाईलवर आजचा सोन्याचा भाव बघा आणि त्याला तीनने गुणा. जो आकडा येईल तो बघून “काय ते दिवस होते” असं म्हणावंसं वाटणार नाही.

थोडक्यात, ताज तेव्हाही स्वस्त नव्हतं. आपण फक्त आकडा बघतो, रुपयाचं वजन बघायला विसरतो.

मग ते समुद्रावरच का बांधलं?

साधं उत्तर म्हणजे हॉटेल तिथेच चालतं जिथे पाहुणा उतरतो. १९०३ साली मुंबईत येणारा श्रीमंत पाहुणा बोटीने यायचा आणि अपोलो बंदर ही उतरण्याची मानाची जागा होती. जुनी माणसं त्याला पालवा बंदर म्हणायची. बोटीतून उतरायचं आणि समोरच हॉटेल. आणखी काय पाहिजे?

गंमत म्हणजे तेव्हा तिथे गेट वे ऑफ इंडिया नव्हतंच. पंचम जॉर्ज १९११ साली मुंबईत उतरले, त्याची आठवण म्हणून १९१३ मध्ये त्याची पायाभरणी झाली आणि काम पूर्ण झालं १९२४ मध्ये. म्हणजे ताज हे गेटवेपेक्षा वीस वर्षांनी मोठं आहे.

पुढे पाहुण्यांची वाट बदलली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्याच टाटा घराण्यातल्या जे.आर.डी. टाटांनी कराचीहून टपाल घेऊन जुहूला विमान उतरवलं. नंतर सांताक्रूझचं विमानतळ आलं आणि १९८० च्या दशकात आंतरराष्ट्रीय विमानं सहारला उतरू लागली. मुंबईचा दरवाजा बंदरावरून उपनगरात सरकला आणि त्याच्या मागोमाग हॉटेलंही आली. मरोळ-सहारच्या आसपास एवढी फाइव्ह स्टार हॉटेलं का, याचं उत्तर हे असं आहे.

तरीही या हॉटेलांच्या गर्दीत ताज मागे पडलं नाही. विमानतळाजवळ माणूस झोपेपुरता राहतो. ताजला तो जागेसाठी आणि तिच्या गोष्टीसाठी जातो.

ती गोष्ट, आणि तिच्यातल्या दोन दंतकथा

पहिली दंतकथा सगळ्यांना पाठ आहे. जमशेटजी टाटांना भारतीय म्हणून वॉटसन्स हॉटेलमध्ये प्रवेश नाकारला आणि त्या रागातून त्यांनी ताज बांधलं. ऐकायला भारी वाटतं, पण याचा ठोस पुरावा नाही आणि अनेक अभ्यासकांना ही गोष्ट पटत नाही. १८९६ च्या प्लेगने मुंबईची रया गेली होती, शहराला जगाच्या तोडीचं एक हॉटेल हवं होतं आणि जमशेटजींना या शहराचा अभिमान होता, हे कारण जास्त पटणारं आहे. खुद्द जमशेटजींना ताज फार काळ बघता आलं नाही. उद्घाटनानंतर पाच महिन्यांतच, मे १९०४ मध्ये, जर्मनीत त्यांचं निधन झालं.

दुसरी दंतकथा अशी की इमारत चुकून उलटी बांधली गेली आणि ते बघून आर्किटेक्टने जीव दिला. हे तर साफ खोटं. ताजचा मूळ आराखडा करणाऱ्यांमध्ये एक मराठी माणूस होता, रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य. त्यांच्या जोडीला डी. एन. मिर्झा होते. वैद्य १९०० सालीच, इमारत पूर्ण होण्याआधी, आजारपणाने गेले. पुढचं काम डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज आर्किटेक्टने पुरं केलं.

मग “उलटी” ही अफवा आली कुठून? पूर्वी मुख्य प्रवेश शहराच्या बाजूने होता. घोडागाड्या तिकडून यायच्या आणि समुद्राची बाजू पाहुण्यांच्या खोल्यांसाठी ठेवली होती. आता त्या जुन्या प्रवेशाच्या जागी स्विमिंग पूल आहे आणि ये-जा समुद्राच्या बाजूने होते. दार बदललं आणि लोकांना वाटलं इमारतच उलटी आहे!

राहायचंच ठरवलं तर

लग्नाचा वाढदिवस, आईबाबांची साठी, पहिला मोठा पगार. एका रात्रीसाठी का होईना, काही जण ठरवतातच. ठरवावंही. पण बुकिंगचं बटण दाबण्याआधी चार गोष्टी बघा.

१. पॅलेस की टॉवर? घुमटाची जुनी इमारत म्हणजे पॅलेस. शेजारची उंच इमारत म्हणजे टॉवर. तो १९७० च्या दशकात, जुन्या ग्रीन्स हॉटेलच्या जागेवर उभा राहिला. टॉवरची खोली तुलनेने स्वस्त मिळते. पण तुमच्या डोक्यात जुने व्हरांडे, कमानी आणि तो प्रसिद्ध जिना असेल, तर टॉवरच्या खोलीत गेल्यावर हिरमोड होईल. टॉवरमध्ये राहूनही पॅलेसमध्ये फिरता येतं हे खरं, पण सकाळी डोळे उघडतात ते नव्या इमारतीत.

२. समुद्र दिसणार का? पॅलेसमध्येही शहराच्या बाजूच्या खोल्या आहेत आणि टॉवरमध्येही समुद्राच्या बाजूच्या. खोलीच्या नावापुढे काय लिहिलंय ते नीट वाचा. “हेरिटेज” म्हणजे “समुद्रासमोर” असं नव्हे.

३. कर धरला का? दिवसाला साडेसात हजारांपेक्षा जास्त भाड्याच्या खोलीवर १८ टक्के जीएसटी लागतो. भाडं तारखेप्रमाणे बदलतं, पण ते पाच आकडी असतंच. समजा ३०,००० ची खोली घेतली, तर वर ५,४०० रुपये कर, म्हणजे ३५,४००. नाश्ता त्यात आहे की वेगळा, हेही तिथेच विचारा.

४. एक रात्र म्हणजे किती तास? दुपारी दोनला खोली मिळते आणि दुसऱ्या दिवशी बाराला सोडायची. म्हणजे २२ तास. संध्याकाळी सातला पोहोचलात तर पाच तासांचे पैसे वाया. एवढा खर्च करणार असाल तर त्या दिवशी हाफ डे घेऊ नका, सरळ सुट्टी टाका.

आणि एक मनापासून सांगतो. यासाठी क्रेडिट कार्डचे हप्ते बांधून घेऊ नका. रील चोवीस तासांत जुनी होते, हप्ता बारा महिने चालतो.

न राहताही आत जाता येतं

हे बऱ्याच मुंबईकरांना माहीतच नसतं. ताज हे हॉटेल आहे, राजवाडा नाही. सी लाउंजमध्ये समुद्राकडे बघत चहा प्यायला खोलीची चावी लागत नाही. आधी फोन करून टेबल राखून ठेवा, नीटनेटके कपडे घाला (चप्पल-हाफपँट टाळा), दारात बॅग तपासतात ती तपासू द्या. बस्स.

चहाही तिथला चहाच्या भावात मिळत नाही, हे गृहीत धरूनच जा. बाहेरच्या हॉटेलात जेवणावर ५ टक्के जीएसटी असतो. इतक्या महाग खोल्या असलेल्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटमध्ये तो १८ टक्के असतो. सर्व्हिस चार्ज मात्र कुठेही सक्तीचा नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये हेच सांगितलंय. बिलात लावलेला दिसला आणि द्यायचा नसेल, तर शांतपणे काढायला सांगा.

मरोळहून जायचं कसं?

मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत सुरू झाली. मरोळ नाक्याला बसायचं, हुतात्मा चौकला उतरायचं. या मार्गाचं जास्तीत जास्त भाडंच ७० रुपये आहे. पुढे पंधरा-वीस मिनिटं चालत जा. टॅक्सी करू नका, कारण वाटेत काळा घोड्याजवळ एस्प्लनेड मॅन्शन नावाची जुनी, मोडकळीला आलेली इमारत लागते.

तेच एकेकाळचं वॉटसन्स हॉटेल. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंचे सिनेमे भारतात पहिल्यांदा दाखवले गेले ते तिथेच. ते हॉटेल केव्हाच बंद पडलं. ताज मात्र टिकलं.

आणि टिकलं ते सहज नाही. नोव्हेंबर २००८ मधला हल्ला आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिला. घुमटाशेजारून निघणारा धूर अजून डोळ्यांसमोर आहे. ताजमध्ये ३१ जणांचा जीव गेला. त्यात हॉटेलचे कर्मचारीही होते. मागच्या दारांची माहिती असूनही ते पळाले नाहीत, आधी पाहुण्यांना बाहेर काढत राहिले. मेजर संदीप उन्नीकृष्णन तिथेच शहीद झाले. टॉवर महिन्याभरात, २१ डिसेंबरला पुन्हा उघडला. पॅलेसची डागडुजी मात्र पुढे दीड वर्षाहून जास्त चालली आणि तो १५ ऑगस्ट २०१० रोजी पूर्ण सुरू झाला. आत गेलात तर गेलेल्यांचं स्मारक आहे. सेल्फी काढायच्या आधी तिथे दोन मिनिटं थांबा.

सेल्फीवरून आठवलं. २०१७ मध्ये ताजच्या इमारतीच्या प्रतिमेला ट्रेडमार्क मिळाला. असा ट्रेडमार्क मिळालेली ही भारतातली पहिली इमारत. धंद्यासाठी तिचं चित्र वापरायचं तर परवानगी लागते. तुमच्या घरच्या फोटोला काही अडचण नाही.

तर पुढच्या वेळी गावाहून पाहुणे आले की गेटवेसमोर फोटो काढा, पण तिथूनच परत फिरू नका. ज्या इमारतीचा पहिला आराखडा एका वैद्यांनी काढला, तिच्या दारात आपण का बिचकायचं? रात्रीचं भाडं परवडेल तेव्हा परवडेल. चहाचं बिल तीन जणांत वाटून घेता येतं.